दर रविवारी पुसूनही फ्रिजला वास येतो, तेव्हा आधी दाराचं रबर आणि ड्रेनचं भोक बघा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. घरचा सिंगल डोअर, 190 लिटरचा फ्रिज नऊ वर्षांचा आहे. दर रविवारी तुम्ही तो रिकामा करून पुसता, लिंबू कापून ठेवता, तरी बुधवारपर्यंत वास येतोच. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं, फ्रीजरमध्ये बर्फ माजतो आणि तापवून ठेवलेलं दूध तिसऱ्या दिवशी फाटतं. बघायला आलेल्या मेकॅनिकने 'गॅस कमी झालाय, साडेतीन हजार लागतील' असं सांगितलं. आता गॅस भरावा की नवीनच घ्यावा, आणि वास जायला नेमकं कशाने पुसावं, असं तुम्ही विचारलंय.

मी चिपळुणात 26 वर्षं फ्रिज दुरुस्तीचं काम करतोय. माझ्या अनुभवाने सांगतो, कशाने पुसायचं हा यातला सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. तुमच्या तक्रारी चार दिसतात, पण त्यांचं मूळ बहुतेक एकच असावं. बाहेरची दमट हवा दारातून आत शिरतेय आणि आत झालेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. हवेतलं बाष्प फ्रीजरवर बसतं, त्याचा बर्फ होतो. बर्फाचा थर जाड झाला की तो गोधडीसारखा वागतो, फ्रीजरची थंडी खाली उतरू देत नाही, म्हणून दूध टिकत नाही. तो बर्फ वितळला की पाणी खाली येतं, ते बाहेर जायचं भोक, म्हणजे ड्रेन, तुंबलेलं असलं की तिथेच साचतं, आणि साचलेल्या पाण्याला वास सुटतो. तुम्ही कप्पे चकचकीत पुसता आणि वास तयार होतो तो न दिसणाऱ्या जागी.

आधी गॅसचं बोलतो, कारण तिथे तुमचे पैसे जायची भीती आहे. फ्रिजचा गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो, पंधरा-वीस वर्षंही तसाच राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरला तर तो पुन्हा जाणार. आता तुमच्याकडे खरंच गळती आहे का, हे फ्रिज न बघता मी छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही स्वतः बघू शकता. फ्रिज पूर्ण बंद करून सगळा बर्फ वितळू द्या, फ्रीजर कोरडा पुसा, आत काही न ठेवता चालू करा. दोन-तीन तासांनी फ्रीजरच्या आतल्या भिंती बघा. सगळीकडे पिठूर चांदण्यासारखा पातळ पांढरा थर सारखा बसला असेल तर गॅस ठीक आहे. एकाच कोपऱ्यात किंवा एका पट्टीत बर्फ धरला आणि बाकीचा डबा नुसता गार लागला, कॉम्प्रेसरही थांबायचं नाव घेत नसेल, तर मात्र मेकॅनिकचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता मोठी.

आता दाराचं रबर. एक दहाची नोट घ्या, अर्धी आत अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. थोडा जोर लागायला हवा. सहज निघून आली तर त्या जागी रबर बसत नाहीये. चारही बाजूंना करून बघा, विशेषतः बिजागरीच्या बाजूला आणि खालच्या कोपऱ्यात, कारण तिथे कुणाचं लक्ष जात नाही. दुसरी चाचणी रात्रीची. मोबाईलचा टॉर्च लावून तो फ्रिजमध्ये ठेवा, दार लावा, स्वयंपाकघरातला दिवा घालवा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून हवा आत जातेय.

रबर बसत नाही म्हणजे लगेच बदलायचं असं नाही. त्याच्या घड्यांमध्ये साखर, दुधाचे ओघळ, पीठ असं काय काय चिकटलेलं असतं आणि त्यावर काळी बुरशी धरते. जुना टूथब्रश आणि खाण्याच्या सोड्याचं कोमट पाणी घेऊन घडी उलगडत उलगडत साफ करा. स्क्रूड्रायव्हर किंवा सुरीचं टोक घालू नका. मग कोरडं पुसा. रबर एखाद्या जागी दबून चपटं झालं असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं त्यावर दोन-तीन मिनिटं दाबून धरा, नरम झालं की हाताने ओढून आकार द्या आणि दार लावून ठेवा. बिजागरीच्या बाजूला पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवला की रबर दुमडत नाही. फाटलं असेल किंवा कडक होऊन तडे गेले असतील, तर नवीन घ्यावं लागेल. आतल्या लेबलवरचा मॉडेल नंबर लिहून नेलात तर नेमकं त्याच मापाचं मिळेल.

रबर चांगलं असूनही दार नीट लागत नाही असंही होतं. दाराच्या कप्प्यात दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या खच्चून भरल्या की दार हळूहळू खाली झुकतं. शिवाय फ्रिजचे पुढचे पाय फिरवून पुढची बाजू किंचित उचललेली हवी. दार अर्धं उघडून सोडलं की आपोआप सावकाश लागलं पाहिजे. हे पाय फिरवायचं काम दोन मिनिटांचं, पण मी ज्या घरांमध्ये जातो त्यांतल्या बऱ्याच घरांत ते फ्रिज आणल्या दिवसापासून केलेलं नसतं.

बर्फाचं मी थोडं कळकळीने सांगतो. तुमच्या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅटच्या, म्हणजे थंडी कमी-जास्त करायच्या, गोल खटक्याच्या मधोमध डिफ्रॉस्टचं बटण असेल. बर्फाचा थर अर्धा सेंटिमीटर झाला की रात्री झोपताना ते दाबायचं. कॉम्प्रेसर थांबतो, बर्फ वितळतो आणि बटण आपोआप बाहेर येऊन फ्रिज पुन्हा चालू होतो. आत्ता तुमच्याकडे जसा डोंगर झालाय तसा असेल तर प्लग काढा, दार उघडं ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा, फ्रीजरमध्ये घडी केलेल्या फडक्यावर गरम पाण्याचं पातेलं ठेवा आणि वाट बघा. तीन-चार तास लागले तरी लागू देत.

सुरी, उलथनं, सांडशी, काहीही त्या बर्फात घालू नका. माझ्या आईनेच एकदा मे महिन्यात पाहुणे येणार म्हणून घाईघाईने बर्फाला चिकटलेला ट्रे सुरीने सोडवायला घेतला. मी शेजारच्या खोलीत होतो. फुस्स असा आवाज आला, तेवढाच. फ्रीजरच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसची वाट असते, टोक लागलं की छिद्र. ते भोक बुजवलं तरी भरवसा नसतो, बहुतेक वेळा अख्खा फ्रीजर बॉक्स बदलावा लागतो, आमच्याही घरी तेच करावं लागलं. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन हा पेट घेणारा गॅस असतो. प्रमाण थोडं, शंभर ग्रॅमच्याही आत, पण तसा आवाज कधी झालाच तर कुठलंही बटण दाबू नका, शेगडी पेटवू नका, दारं-खिडक्या उघडा. आणि बर्फ लवकर वितळावा म्हणून त्यावर मीठ टाकायचा जो उपाय सांगितला जातो, तोही करू नका. मीठ ॲल्युमिनियम खातं. सुरीने एका क्षणात जे होतं ते मिठाने दोन-तीन वर्षांत होतं.

आता वासाच्या खऱ्या घराकडे येतो. सिंगल डोअरमध्ये फ्रीजरखाली एक उथळ ट्रे असतो. बर्फाचं पाणी त्यात पडतं, तिथून मागच्या भिंतीच्या पन्हाळीतून खाली येतं आणि एका भोकातून नळीवाटे फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरवर ठेवलेल्या ट्रेमध्ये जातं. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते तिथे उडून जातं. मॉडेलप्रमाणे भोकाची जागा थोडी बदलते, आणि काही छोट्या जुन्या फ्रिजमध्ये ही नळीच नसते, ट्रे हाताने रिकामा करावा लागतो. पण तुमच्याकडे पाणी भाजीच्या ट्रेखाली येतंय, म्हणजे ट्रे बाहेर काढून मागच्या भिंतीच्या तळाशी बघा. करंगळीएवढं किंवा त्याहून लहान भोक दिसेल.

गेल्या पावसाळ्यात बाजारपेठेजवळच्या एका घरी असाच वासाचा फ्रिज बघायला गेलो होतो. घरातल्या बाईंनी सोडा, लिंबू, कोळसा, कॉफी पावडर, सगळं करून झालं होतं. आत हात फिरवला तर कुठेही डाग नाही, इतकी स्वच्छता. मी बिनसुईची सिरिंज कोमट पाण्याने भरून भोकाला लावली आणि दट्ट्या हळू दाबला. पाणी जाईना, परत वर आलं. दोन-तीनदा दाबल्या-ओढल्यावर आधी कढीलिंबाचं काळं पडलेलं पान वर आलं, मग कोथिंबिरीची एक काडी, आणि तिच्यामागून साबुदाण्याच्या खिरीसारखा पांढरट, बुळबुळीत गोळा. दाराशी उभ्या असलेल्या आजी लगेच म्हणाल्या, "हाच तो वास!" त्यानंतर मागच्या ट्रेमध्ये टपटप पाणी पडल्याचा आवाज आला. वाट मोकळी झाल्याची खूण तीच. फ्रिज त्या दिवशी मी दुसरं काहीही न करता चालू केला.

तुम्हीही हे घरी करू शकता. प्लग काढलेला असू द्या. सिरिंजने किंवा लवचीक प्लास्टिकच्या बारीक नळीने कोमट पाणी सोडा, घाई नको. तार किंवा विणायची सुई घालू नका, आतली नळी फाटली तर पाणी इन्सुलेशनच्या फोममध्ये, आम्ही ज्याला पफ म्हणतो त्यात, शिरतं आणि मग तो वास कधीच जात नाही. भोक उघडल्यावर मागचा ट्रेही काढून धुवा. कॉम्प्रेसर निवायला अर्धा तास द्या, काही मॉडेलमध्ये ट्रे एका स्क्रूने बसवलेला असतो. नऊ वर्षांत तो एकदाही निघाला नसेल तर आत काळा गाळ आणि झुरळं मिळतील, मनाची तयारी ठेवा. डेंग्यूच्या सर्वेक्षणाला येणाऱ्या आरोग्यसेविका हाच ट्रे बघायला मागतात, त्यालाही कारण आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो. पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी तो ट्रे रिकामा झाला पाहिजे.

पुसायचं अगदी साधं आहे. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, मऊ फडकं, आणि शेवटी साध्या पाण्याचा व कोरड्या फडक्याचा हात. धुण्याचा सोडा वापरू नका, तोही ॲल्युमिनियमला मारक आहे, आणि फ्रीजरचा डबा तर नुसत्या कोमट पाण्यानेच पुसा. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर प्लास्टिकवर चरे पाडते, त्या चऱ्यांत मग घाण धरते. काचेचे कप्पे बाहेर काढल्यावर लगेच गरम पाण्याखाली धरू नका, तडकतात. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीच करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ट्रे वाळवायचे ते सावलीत. लिंबू, कोळसा, सोड्याची वाटी यांनी उरलासुरला वास शोषला जातो हे खरं, पण वासाची जागा तशीच असेल तर त्यांचा उपयोग दोन दिवस.

दुधाबद्दल दोन गोष्टी. दुधाची पिशवी क्रेटमधून येते, तिला बाहेरून दुसऱ्या फुटलेल्या पिशवीचं दूध आणि माती लागलेली असते. ती न धुता फ्रिजमध्ये टाकली की ओघळ थेट त्या भोकाकडे जातो. आधी नळाखाली धुवा. आणि दूध दारात ठेवू नका. दार ही फ्रिजमधली सगळ्यात कमी थंड जागा, प्रत्येक वेळी उघडलं की तिथे बाहेरची हवा लागते. तापवलेल्या दुधाचं पातेलं खोलीच्या तापमानाला आलं की झाकण ठेवून फ्रीजरच्या लगेच खाली ठेवा. निवेपर्यंत ओट्यावर रात्रभर राहू देऊ नका, शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात आत गेलेलं बरं. लवकर निवायला हवं असेल तर पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवा. झाकण नसलेल्या पातेल्यातली वाफ शेवटी फ्रीजरवरच जाऊन बसते. आतलं तापमान बघायचं असेल तर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर घालून तो मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी 4 अंशांच्या आसपास दिसायला हवं, 5 च्या वर नको. खटक्यावरचा मोठा आकडा म्हणजे जास्त थंड, बरेच जण उलटं समजतात.

कोथिंबीर, मेथी निवडून, कोरडी करून सुती कापडात गुंडाळून ठेवा. वर्तमानपत्रात नको, त्याची शाई अन्नाला लागते, एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनेही तसं बजावलंय. कांदे-बटाटे बाहेरच ठेवा, बटाटा थंडीत गोडसर होतो. सुके बोंबील, फणसाचे गरे आणि आंबोळीचं पीठ यांना घट्ट झाकणाचाच डबा हवा, आणि पिठाचा डबा अर्धाच भरा, ते आतही फुगतं.

फ्रिजच्या मागे जाळी असेल तर सहा महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडा. त्या जाळीवर ओली फडकी वाळत घालतात ती आधी काढा, तिथून फ्रिज उष्णता बाहेर टाकतो. जाळी दिसतच नसेल तर नळ्या बाजूच्या पत्र्यांत आहेत, ते पत्रे गरम लागणं साहजिक आहे. मात्र मग बाजूंना हवा खेळायला जागा सोडा.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे डबल डोअर फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारा फ्रिज आहे त्यांच्यासाठी एवढंच: तुमचं ड्रेनचं भोक फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड असतं, ते स्वतः खोलू नका. फ्रीजर कडक पण खालचा भाग गार होत नाही असं असेल, तर एक दिवस फ्रिज बंद करून दोन्ही दारं उघडी ठेवा. चालू केल्यावर आठवडाभर उत्तम चालून पुन्हा तेच झालं तर दोष डिफ्रॉस्टच्या यंत्रणेत आहे, गॅसमध्ये नाही. मेकॅनिकला ही आठवड्याची गोष्ट आवर्जून सांगा. आणि गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना फ्रिज बंद करणार असाल तर रिकामा, कोरडा करून दाराच्या फटीत घडी केलेला टॉवेल ठेवा. आमच्याकडे मुंबईकरांची बंद घरं उघडतात तेव्हा दार गच्च लावून गेलेला फ्रिज आतून हिरवा-काळा झालेला मिळतो.

नवीन घ्यावा का? ज्या फ्रिजच्या पफमध्ये पाणी शिरलंय, त्याच्यावर खर्च करू नये. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर आम्ही इथे कितीतरी फ्रिज धुऊन, वाळवून पुन्हा चालू केले. कॉम्प्रेसर सीलबंद असतो, त्यामुळे त्यांतले पुष्कळ चालले. पण पफ भिजलेल्यांचा वास गेला नाही, त्यांच्या बाहेरच्या पत्र्याला घाम सुटत राहिला, कॉम्प्रेसर दिवसरात्र चालत राहिला, शेवटी लोकांना ते काढावेच लागले. तुमच्या फ्रिजचा बाहेरचा पत्रा पावसाळा नसतानाही ओला राहत असेल, तर तीच शंका घ्या. तसं नसेल तर नऊ वर्षं हे काही सिंगल डोअरचं वय झालं नाही, आणि रबराच्या खर्चात तो अजून बरीच वर्षं जाईल.

येत्या रविवारी पुसायच्या आधी या क्रमाने करा: बर्फ पूर्ण वितळू द्या, भोक आणि मागचा ट्रे साफ करा, रबर धुऊन नोटेची चाचणी घ्या, मग पुसून रिकामाच चालू करा. दोन-तीन तासांनी फ्रीजरचं दार उघडून बर्फ कुठे कुठे धरलाय ते बघा आणि मला कळवा. तोपर्यंत ते साडेतीन हजार कुणाला देऊ नका.